माय कोनत्या गाडीत चढन

चंद्रपूर आन गडचिरोली, या दोन जिल्ह्यांत कोनाले मोठी फोर-बाय-फोर गाडी घ्याची असली तर तो पयले मले फोन लावते. माझ्याजवळ सोताची एक सायकल आहे, आन तिचं मांगचं चाक पोळ्यापासून पंचर आहे.

त्या दिवशी सकाळी आरमोरीले प्रकाशभाऊच्या राइस मिलच्या आंगनात दोन गाड्या उभ्या होत्या. एक पांढरी, एक काळी. दोन येगळ्या कंपन्यांच्या, दोनी नागपूरवरून डेमोले आलेल्या. पांढरीसंग एक मॅडम, हातात टॅब. काळीसंग एक सर, गळ्यात टाय. धानाचा भुसा उडून राह्यला होता आन सर घडीघडी टाय झटकून राह्यले होते.

"शालिकभाऊ," प्रकाशभाऊ म्हने, "दोनी पाहा आन मले एका शब्दात सांगा. कोनती?"

एका शब्दात. दिवसभर माणसाले खड्ड्याखड्ड्यातून फिरवते, कंबर खिळखिळी करते, आन शेवटी पायजे एक शब्द. लय थकलो बावा मी या सवालाले. झोपीतबी कोनी इचारलं "कोनती घेऊ" तर मी कूस बदलतो.

हा धंदा मी शिकलो नाई, माझ्या आंगावर पडला. पयले मी कोळशाच्या खदानीत टिपर चालवला. तिथी कंबर गेली. मंग जंगलात पर्यटक फिरवाच्या जिपा चालवल्या. तिथी उरलेली कंबर गेली. एकदा गोंडपिपरीच्या एका ठेकेदारानं सोबत म्हून मले गाडी पाहाले नेलं. मी म्हनलं, "भाऊ, ही नोका घेऊ." त्यानं नाई घेतली, दुसरी घेतली, आन ती लय चांगली निंघाली. तवापासून माझं नाव झालं. खरी गोष्ट अशी का पयल्या गाडीत मले खर्रा, म्हंजे तंबाकू-सुपारीची पुडी, ठेवाले जागा दिसली नोती, एवढंच.

शाळा म्हनसान तर चौथीपर्यंत शाळेत माझं नाव होतं, मी नोतो. मराठी अक्षर अक्षर लावून वाचतो. इंग्रजी एकच शब्द वाचता येते, ओके. मोबाइलवर, गाडीवर, बँकेच्या मशीनवर, सगळीकडं शेवटी ओकेच दाबा लागते. म्हून आजपर्यंत अडलं नोतं.

प्रकाशभाऊले गाडी फुशारकीसाठी नोती पायजे. नाईतर आमच्याकडचे मोठे लोक फोर-बाय-फोर घेते आन ते पानठेल्यापाशी उभी करते. चारी चाकात ताकत, आन चारी चाकं सिमेंटवर. भाऊचं तसं नोतं. त्याची माय खेड्यावर राहे, नाल्याच्या पलीकडं, जंगलाच्या काठाले. तिचे दोनी गुडघे गेले होते. नागपूरच्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगतलं होतं, ऑपरेशन आता करा, अजून लांबवलं तर बाई खाट धरन. तारीख भेटली होती. पन माय जाले तयार नोती.

"काऊन?" मी इचारलं.

"मांगच्या वेळी जुन्या जिपड्यात नेली तिले," भाऊ म्हने. "चढता येत नोतं. मिलचे दोन हमाल बोलावले, त्याईनं उचलून बसवली. सारा गाव पाहे. तवापासून म्हनते, मी का धानाचं पोतं आहो? मेली तर उचला, तोवर नाई."

"मंग शेतावर जाले बैलबंडीत कशी बसते?"

"घराच्या ओट्याले बंडी लावते. ओट्यावरून सोताच जाऊन बसते. हात लावू देत नाई कोनाले."

भाऊचं म्हननं असं, का आरामाची गाडी पाह्यली तर मायचं मन वळन. मीबी मुंडी हालवली. मोठी गाडी, गादीची सीट, थंडी हवा. कोन नाई म्हनन?

निंघालो आम्ही. माझी पद्धत अशी, का मी पयले गाडी चालवतच नाई. मांगच्या सीटवर बसतो आन डोळे मिटतो. काऊन का एवढ्या मोठ्या गाडीचा मालक मांगंच बसते. माझी कंबर हेच माझं मीटर. खड्डा आला का ते बोलते. पांढरीत कंबर गप राह्यली. काळीत बोलली, पन शिव्या नाई देल्ल्या. मी जिच्यात बसलो तिच्यातच मॅडम आन सर दोघंबी, दुसरी भाऊ मांगून आने, आन दोन पोरींच्या स्थळाचं बोलनं चालू असावं तसे ते दोघं सारा रस्ता बोलून राह्यले होते.

"आमच्या मागच्या सीटला मसाज आहे, सर," मॅडम म्हने.

"मसाज पाहिजे तर पार्लरला जावं माणसानं," टायवाले सर म्हने. "जंगलात जायला गाडी लागते. आमचा ग्राउंड क्लिअरन्स बघा."

ग्राउंड क्लिअरन्स म्हंजे गाडीच्या पोटाखालची जागा. मी ते इंचात नाई मोजत. पोटाखालून कुत्रं उभं जाते का बसून, एवढं पाहातो. दोनी गाड्यांत कुत्रं उभं गेलं असतं, शेपटी वर करून.

पांढरीत एक गोष्ट जास्तीची होती. तिले स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. एअर सस्पेन्शन म्हनते. बटन दाबलं का पिशव्यांत हवा भरते आन गाडी उठते. दुसरं दाबलं का हवा निंघते आन गाडी खाली बसते, म्हशीवानी. काळीले हे नोतं. तिचा लो गिअर दमदार होता. लो म्हंजे गाडी हळू चालते पन ताकत बैलाची येते. माझ्या उमरीतबी माणूस लो मंधी जाते, फक्त ताकत येत नाई.

नाल्यावर सरनं गाडी थांबवली आन आमाले खाली उतरवलं. गाडी किती पान्यातून जाते ते दाखवाचं होतं. नाल्यात पानी घोट्याएवढं. काळी गेली. पांढरी गेली. आमच्या मांगून एका गुराख्याच्या बकऱ्या आल्या, त्याबी गेल्या. मॅडमनं टॅबवर काहीतरी लिवलं.

माय घरी नोती. शेतावर कापनी चालू होती, ते बंडीत बसून तिथी गेली होती. म्हून गाड्या शेताकडं वळवल्या.

आमच्या झाडीपट्टीतलं धानाचं शेत ज्यानं पाह्यलं नाई त्याच्यासाठी सांगतो. शेत म्हंजे एक सलग तुकडा नसते. लहान लहान बांध्या असते, हौदावानी. दोन बांध्यांच्या मधात मातीची उंच पाळ, तिले धुरा म्हनते. पानी धुऱ्यानं थांबते, आन पानी थांबलं तरच धान. मोहाच्या झाडाखाली अशाच एका धुऱ्यावर धानाची रिकामी बोरी टाकून माय बसली होती. वरच्या बांधीतलं धान कापून झालं होतं, जमीन वाळून ठनक, म्हून गाड्या तिथीच उभ्या केल्या. खालच्या बांधीत बाया कापून राह्यल्या होत्या. खालची जमीनबी वाळल्यावानी दिसे. वरून पापडी होती. खालून लोनी होतं. ते आमाले मांगून कळलं.

"माय, गाडी आनली पाहाले," भाऊ म्हने.

मायनं दोनी गाड्या पाह्यल्या. "पाह्यली. आता ने परत."

"बसून तं पाह्य."

"चढाचं कसं? शिडीबी आनली का?"

टायवाले सर पुढं झाले. त्यांच्या काळीले बाजूनं पायरी होती. "आजी, इथे पाय ठेवा, मी हात देतो."

"हात ठेव तुयाजवळ," माय म्हने. काठी टेकत ते वरच्या बांधीत उतरली, पायरीवर एक पाय ठेवला, आन जोर देल्ला. गुडघा नाई आला. पुन्हा देल्ला. चेहरा कसा झाला ते मी पाह्यलं आन मोहाच्या झाडाकडं पाहून राह्यलो. भाऊनं मांगून आधार द्याले हात पुढं केला. तिनं काठी उगारली. मंग पाय खाली घेतला, धुऱ्यावर परत गेली आन बोरीवर बसली.

"झालं?" म्हने. "पाह्यलं साऱ्याईनं?"

बायांचे इळे थांबले होते. भाऊ चष्मा पुसून राह्यला होता. मॅडम आन सर दोघंबी पयल्यांदाच एका वेळी गप होते. सीटचा मसाज, पान्यातून जानं, दोन मोठ्या कंपन्यांनी सारं सांगतलं. आन मी, दोन जिल्ह्यांतला जानकार, मिलपासून शेतापर्यंत कंबर मोजत आलो. म्हातारी चढन कशी, हे एकाच्याबी डोक्यात आलं नोतं.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओटा आन बंडी. धुरा हाच ओटा.

म्हनलं, "भाऊ, पांढरी मी धुऱ्यावर आडवी लावतो. पुढची चाकं खालच्या बांधीत, मांगची वरच्या बांधीत, धुरा बरोबर गाडीच्या पोटाखालून. मांगचं दार धुऱ्यावर येते. माय धुऱ्यावरून सीध्धी आत."

"जमन का?"

"कुत्रं उभं जाते खालून," मी म्हनलं.

मॅडमले फोन आला होता, त्यांचे साहेब नागपूरवरून डेमो कसा चालला इचारत होते. मी पांढरी वर उचलली, धुऱ्यावर चढवली, पुढची चाकं हळूच पलीकडं उतरवली, आन थांबवली. बरोबर मायच्या समोर दार. मले सोताचाच अभिमान वाटला. असा अभिमान वाटला का मी समजून जातो, आता काहीतरी होते.

दार उघडलं. तरीबी सीट हातभर उंच राह्यली.

"मॅडम," मी आवाज देल्ला, "खाली बसवाचं बटन कोनतं?"

पाठ करून फोनवर बोलून राह्यल्या होत्या. तशाच म्हने, "गाडीच्या चित्राखाली बाण आहे, खालचा."

दार लावून घेतलं, दाबला बाण. गाडीनं सुस्कारा सोडला आन खाली बसाले लागली. मधातच टुंग टुंग वाजलं. स्क्रीनवर लाल अक्षरात इंग्रजीत लय काही आलं. सारं नाई वाचता आलं. शेवटी ओके होतं. मी ओके दाबलं. पुन्हा आलं. पुन्हा दाबलं. मंग पोटाखाली काहीतरी बदकन झालं आन गाडी शांत झाली.

मी उतरून दार उघडलं. सीट बरोबर मायच्या मांड्यांएवढी आली होती.

माय उठली. काठी आत टाकली. एक हात दाराले, एक पाय आत, आन मंग हळूच, कोनाचाबी हात न लागता, सीटवर बसली. दुसरा पाय हातानं उचलून आत घेतला. पदर नीट केला. बंडीत बसते तसंच.

खालच्या बांधीतून कौसल्या म्हनून एक बाई म्हने, "बसली वं माय." एवढंच. भाऊनं चष्मा पुन्हा पुसला. आता तो साफ होता.

मॅडम पळत आल्या, फोन ठेवला, मसाज चालू केला. माय दचकली. "पाठीत उंदीर सोडला का गा?"

"मसाज आहे, माय. राहू दे जरा."

जरा राहू देल्लं तिनं. मंग डोळे मिटले. "बरं वाटते," म्हने. "चालव आता. मिलपर्यंत ने."

मी डी टाकला, पाय देल्ला. इंजिन चांगलं गुरगुरलं. चाकं फिरल्याचा आवाज आला. मोहाचं झाड मातर जागचं हाललं नाई.

"चालली का?" मायनं डोळे मिटूनच इचारलं.

"हाव माय, चालून राह्यली," मी म्हनलं.

"लय चांगली आहे, प्रकाश. अजिबात हालत नाई."

कौसल्या धुऱ्यापाशी येऊन वाकून पाहून राह्यली होती. "काय गा शालिकभाऊ," म्हने, "गाडी अंडे देऊन राह्यली का?"

उतरून पाह्यलं. गाडी पोटावर बसली होती, धुऱ्यावर, खुडूक कोंबडीवानी. साऱ्या वजनाचा भार मातीवर आन चाकं नुसती टेकलेली. मॅडमनं पाह्यलं आन टॅब छातीशी धरला.

"शालिकभाऊ, स्क्रीनवर मेसेज आला होता ना?"

"आला होता."

"मग?"

"ओके दाबलं."

"वाचलं नाही?"

"ओके वाचलं."

त्या वाकून नुसत्या धुऱ्याकडं पाहाले लागल्या. मले बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंग वर उचलाचं बटन दाबलं. पिशव्यांत हवा भरली. आता गाडीनं उठाले पायजे. पन पुढची चाकं लोन्यात होती. हवेनं गाडी वर जाच्या आंधी चाकं खाली जाले लागली. पापडी फुटली. जेवढी हवा भरे तेवढी चाकं आत. मॅडम म्हने, "बंद करा, बंद करा."

टायवाले सरच्या तोंडावर तवा सकाळपासून पयल्यांदा तेज आलं. टाय शर्टात खोसला. "ओढून काढतो. आमची गाडी कशासाठी आहे? व्हिडिओ घ्या कोणीतरी."

मी जानकार. मी सल्ला देल्ला. "सर, पुढून घ्या, खालच्या बांधीतून. आन लो टाका." सरनं काळी फिरवून खालच्या बांधीत आनली, पट्टा बांधला, लो टाकला. काळीनं खरंच जोर मारला. जेवढा जोर मारे तेवढी ते सोतासाठी खड्डा खांदे. थोड्याच वेळात तिच्या पायरीवर चिखल आला. कुत्रं आता झोपूनबी गेलं नसतं.

असा माझा मुकाबला बरोबरीत सुटला. दोन मोठ्या गाड्या, आठ चाकं, आठीले ताकत, आन एकबी जागची हालत नाई. बाया इळे टाकून बसल्या आन पोट धरून हासल्या. व्हिडिओ त्यांनीच घेतला.

हासन्यानं मायचे डोळे उघडले. तिनं मोहाचं झाड पाह्यलं. मंग काळी गाडी पाह्यली. मंग मले पाह्यलं.

"उतर माय," भाऊ म्हने, "ट्रॅक्टर बोलावतो."

"मी नाई उतरत. उतरली तर पुन्हा चढाचं." तिनं काच खाली कराचं बटन सोताच शोधलं आन मुंडी बाहेर काढली. "कौसल्या, फावडे आना. धुरा फोडा गाडीखालचा."

भाऊ म्हने, "माय, तुया हातचा धुरा आहे तो. बाबासंग बांधला तू."

"मातीच आहे ना? पुढच्या पावसात धान रोवाच्या आंधी पुन्हा बांधसान. गाडी इथीच राह्यली तर मी नागपूरले कशी जाऊ?"

भाऊनं माझ्याकडं पाह्यलं, मी मॅडमकडं. माय नागपूर म्हनली होती. सोताहून. कोनी इचारलं नोतं.

बायांनी धुरा खांदला. मीबी फावडं घेतलं, पन माझी कंबर पाहून कौसल्यानं ते काढून घेतलं. "तू ओके दाब," म्हने. शेजारच्या शेतातून लोखंडी चाकाचा ट्रॅक्टर आला. त्यानं पयले काळी काढली, मंग पांढरी. माय आतच बसून होती, मसाज चालू. मिलपर्यंत गेली तसीच, आन या वेळी गाडी हालली तरी काही बोलली नाई.

संध्याकाळी चहा पिता पिता भाऊनं इचारलं, "हं शालिकभाऊ. एक शब्द."

"पांढरी."

"काऊन?"

"माय चढली."

त्याले ते आंधीच ठाऊक होतं. मले फुकटच इचारलं. टायवाले सर निंघताना माझा हात हातात घेऊन म्हने, "मला तुमचा नंबर नका देऊ." मी देल्लाबी नाई.

तवापासून मी एवढं शिकलो. कोनी गाडी पाहाले बोलावलं का मी गाडीले हात नाई लावत. पयले इचारतो, बसनार कोन? त्याले बाहेर आना, उभं करा, चढू द्या. आजी असन तर आजी, गरवार सून असन तर सून. कुत्र्याचं मंग पाहू. लोकाईले वाटते हा लय मोठा जानकार आहे. मी काही सांगत नाई.

आन स्क्रीनवर लाल काही आलं का मी आता गाडी बंद करून उतरून जातो. मुलचेऱ्याले एका गिऱ्हाइकाले गाडी रस्त्यातच सोडून पानठेल्यापर्यंत पायी नेलं मी. नुसता डिझेलचा मेसेज होता म्हने.

नागपूरले जाच्या दिवशी भाऊनं मले बोलावलं होतं. पांढरी नवीकोरी, खेड्यावरच्या आंगनात उभी. घराच्या ओट्याले लावून, बटन दाबून खाली बसवलेली. माय ओट्यावर आली, काठी आत टाकली आन चढून बसली. सारा गाव पाहून राह्यला होता, आन या वेळी तिनं साऱ्या गावाले पाहू देल्लं.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. ड्रायव्हरच्या दाराले हात लावला.

"प्रकाश," माय मांगून म्हने, "याले नोको बसवू. तू चालव."

"काऊन माय?" मी म्हनलं. "आता तं नाला वलांडला का साराच डांबरी रस्ता आहे नागपूरपर्यंत. कुठी आहे धुरा?"

"तू आहे ना संग," माय म्हने. "भेटन तुले कुठीतरी."